तीन मिनिटं

घंटा माझ्याकडे असते.
पितळेची, देव्हाऱ्यातली नव्हे;
शाळा बंद पडली तेव्हा चिटणीसांनी भंगारातून
साठ रुपयांत सोडवून आणलेली.
दांडिया बाजारात, सायकलच्या दुकानावरच्या खोलीत
दर गुरुवारी सात वाजता मी ती टेबलावर ठेवत असे,
शेजारी माझं घड्याळ, काटे माझ्याकडे करून.
प्रत्येकाला तीन मिनिटं.
शिवी नाही. आई-बाप नाही. बाकी सगळं.

गेल्या पौषात फळ्यावर विषय होता:
अंड्यांच्या लाऱ्या रस्त्यावर असाव्यात की नसाव्यात.
लिहिताना खडू दोनदा मोडला.

अनिरुद्ध फणसे उठला.
म्हणाला, देवळाच्या वळणावर तव्याचा वास येतो,
आई नाकाला पदर लावून जाते,
तिच्या नाकाला काही हक्क आहे की नाही?
(आई त्याची स्वतःची होती, म्हणून चाललं.)
मग म्हणाला, "ही माणसं."
मग म्हणाला, "ह्या माणसांना सवयच असते."
खोलीत कुणीही माझ्याकडे पाहिलं नाही,
म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं
न्यायमंदिरामागची तिसरी लारी माझ्या भावाची,
आणि टेबलावरच्या या घड्याळाचे पैसे
त्याच तव्यावर परतलेले.

एक मिनिट चाळीस.
घंटेचा दांडा घामानं निसटत होता.
काटे मलाच दिसत होते. कोण तपासणार होतं?
एक पंचावन्न.
दोन दहा.
माणसाला मध्येच तोडायला फौज लागत नाही,
कायदा लागत नाही, अर्जसुद्धा नाही.
मनगट लागतं. एवढंसं.

तीन झाल्यावरच वाजवली.
बहुधा एखादा सेकंद उशिरा,
आणि अजूनही तेच खुपतं:
तो सेकंद त्याचा नव्हता, माझ्या मोठेपणाचा होता.

मग घंटा शेजारणीच्या हाती देऊन मी बोलले.
काय बोलले ते सलग आठवत नाही.
दुपारभर सोललेले कांदे होते त्यात,
महापालिकेच्या पावत्या होत्या,
तुमच्या आईच्या नाकाचा हक्क मला मान्य, असंही होतं,
आणि विचारलं,
वास नेमका कशाचा येतो, तव्याचा की माणसांचा?
तिथे आवाज चिरकला.
रडले नाही. चिरकला.

पुढच्या गुरुवारी विश्वस्त आले, मफलर न काढता बसले.
"कशाला ही नकामी माथाकूट? लोकांना भावना असतात.
पाणी वाचवा, असा काही विषय घ्या."
घेतला.
सगळे एकाच बाजूला बसले, समोरच्या खुर्च्या रिकाम्या.
घंटेची गरजच पडली नाही,
दीड मिनिटात प्रत्येकाचं पाणी आटलं.

तेव्हा उठला तो फणसेच.
"मला हिला उत्तर द्यायचंय," म्हणाला.
"हिनं विचारलं ते आठवडाभर डोक्यात वाजतंय,
आणि हिचं चुकलंय.
पण ते इथे सांगायचं नाही तर कुठे,
सुरसागराच्या कठड्याला टेकून एकट्यानं?"

विश्वस्तांनी दिवे घालवले, किल्ली खिशात टाकली.
आम्ही जिना उतरलो, तेरा माणसं.
सेव-उसळवाल्यासमोर कुणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर
मी घंटा ठेवली,
घड्याळ ठेवलं, या वेळी काटे त्यांच्याकडे करून.
तर्रीचा ठसका लागून फणसेचं एक अख्खं मिनिट
खोकण्यात गेलं. ते धरायचं की नाही
यावरही वाद झाला. मतदान झालं. धरलं नाही.

त्याचं मला पटलं नाही. माझं त्याला नाही.
उसळवाल्याला दोघांचंही नाही,
त्याच्या मते प्रश्न पार्किंगचा आहे.

आजही फणसे लारी येण्याआधी रस्ता ओलांडतो,
पलीकडून चालतो, मान खाली.
भाऊ उलथणं तव्यावर आपटत म्हणतो,
"बघ, चालला तुझा मित्र."
मित्र नाही, मी म्हणते.
गुरुवारी येतो.